डॉक्टर, पेशंट आणि पाठ केलेले प्रश्न

आजचा भाग जरा स्वार्थी आहे, आधीच सांगतो. इंग्लंडमध्ये जीपी व्हायचं तर एमआरसीजीपी ही परीक्षा पास व्हावं लागतं. तिचा एक भाग म्हणजे एससीए : 12 केसेस, प्रत्येकीला 12 मिनिटं, समोर पेशंटचं काम करणारी व्यक्ती, आणि सगळं ऑनलाइन. मी सध्या तिचीच तयारी करतोय.

मागच्या महिन्यात सरावाला एक मित्र पेशंट झाला. तक्रार, डोकेदुखी. मी पाठ केलेला प्रश्न टाकला, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे होत असेल?" तो म्हणाला, "माझा भाऊ असाच गेला, डॉक्टर." मी मान हलवली आणि यादीतला पुढचा प्रश्न विचारला, "बरं, आणि तुम्हाला काळजी कशाची वाटते?" मित्र भूमिका सोडून म्हणाला, "अरे, आत्ता सांगितली ना!"

त्या रात्री मी यादी बाजूला ठेवली आणि ती आली कुठून ते शोधायला लागलो.

गोष्ट सुरू होते 1948 मध्ये. त्या वर्षी 5 जुलैला ब्रिटनमध्ये एनएचएस सुरू झाली. प्रत्येकाला फुकट जीपी मिळाला, दवाखाने भरून वाहू लागले. पण जीपी म्हणजे नेमका कशातला तज्ज्ञ, याचं उत्तर नव्हतं. 1952 मध्ये जीपींनी स्वतःचं कॉलेज काढलं, तेही या प्रश्नापायीच.

पहिलं मोठं उत्तर बाहेरच्या माणसाने दिलं. मायकेल बॅलिंट, बुडापेस्टमध्ये जन्मलेले मनोविश्लेषक. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते जीपींचे छोटे गट घेऊन बसायचे. कागदपत्रं समोर न ठेवता डॉक्टर आपला अवघड पेशंट सांगायचा, बाकीचे ऐकायचे. 1957 च्या पुस्तकात बॅलिंटनी मांडलं की जनरल प्रॅक्टिसमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे स्वतः डॉक्टर. आणि या औषधाचा डोस, दुष्परिणाम मात्र कुठल्याच पुस्तकात नाहीत.

मग आला टेपरेकॉर्डर. मँचेस्टरचे पॅट्रिक बर्न आणि बॅरी लाँग यांनी 2,000 हून जास्त खऱ्या कन्सल्टेशन्स ऐकल्या आणि 1976 मध्ये सहा टप्पे मांडले. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते : भेट फसते तेव्हा बहुतेकदा दोन टप्पे कच्चे राहिलेले असतात. एक, पेशंट खरं कशासाठी आलाय ते शोधणं. दुसरा, आजाराचा विचार पेशंटला सोबत घेऊन करणं.

1984 मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पेंडलटन आणि त्यांच्या तीन जीपी सहकाऱ्यांनी सात कामं सांगितली. पेशंटच्या कल्पना, काळजी आणि अपेक्षा यांना त्यात मध्यवर्ती जागा मिळाली. माझी यादी ती हीच! 1987 मध्ये रॉजर नेबर यांनी पाच थांबे दिले. त्यातला एक 'सेफ्टी-नेट' : माझा अंदाज चुकला तर पेशंटला ते कसं कळणार, आणि त्याने तेव्हा काय करायचं. शेवटचा थांबा डॉक्टरसाठी. पुढच्या पेशंटला आत बोलावण्याआधी माझं डोकं जागेवर आहे का?

बघा, यातलं काहीच परीक्षेसाठी जन्मलेलं नव्हतं. परीक्षा 1965 मध्ये सुरू झाली. 1990 च्या दशकात तिच्यात व्हिडिओ आला आणि 2007 मध्ये पेशंट बनणारे नट आले. जे ऐकून सापडलं होतं, त्यावर आता गुण मिळू लागले. आणि गुण आले की पाठांतर आलंच.

आपल्या लोकांसाठी ही गोष्ट नुसती इतिहासाची नाही. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांचा या परीक्षेतला निकाल ब्रिटनमध्ये शिकलेल्यांपेक्षा बराच कमी लागत होता. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना, बापियो, यावरून कोर्टात गेली. 2014 मध्ये कोर्टाने दावा फेटाळला आणि परीक्षा कायदेशीर ठरवली. पण निकालातली दरी खरी होती, त्यावर काम व्हायला हवं हेही पुढे आलं.

त्या दरीची कारणं अनेक असतील. मला माझ्यातलं एक दिसतं. मी शिकलो महाराष्ट्रातल्या सरकारी ओपीडीत. तिथे "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं की मावशी म्हणायच्या, "ते तुम्हीच सांगा ना डॉक्टर, म्हणून तर आलो." त्यामुळे हा प्रश्न माझ्या तोंडात बसलेलाच नव्हता. म्हणून मी तो पाठ केला, आणि पाठ केलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण ऐकत नाही.

आता मी यादी फेकलेली नाही. पण सरावात एक नियम केलाय : पेशंटच्या शेवटच्या वाक्यातला शब्द उचलायचा आणि तिथूनच पुढे जायचं. "भाऊ गेला म्हणालात. काय झालं होतं त्यांना?" परवा त्याच मित्राबरोबर हे केलं. काळजी, कल्पना, अपेक्षा, तिन्ही चार मिनिटांत आपोआप बाहेर आल्या.

परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काहीही लागो, तो सांगायला येईनच. तोवर नमस्कार.