एसटीत रुमाल टाकून जागा धरणे का संपत चालले?
अहमदपूर शहराला रेल्वे नाही. नांदेड किंवा लातूर गाठायला मुख्य आधार एसटीचाच. जुन्या लाल बसमध्ये एका बाजूला तिघांचा, दुसऱ्या बाजूला दोघांचा बाक असे. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली (भांडण वेगळे!). दिल्लीतील १९८२ च्या आशियाई स्पर्धांमुळे ‘एशियाड’ नाव पडलेली निमआराम बस आली, तिच्यात दोन-दोनची ऐसपैस आसने होती. २०१७ मधली वातानुकूलित ‘शिवशाही’ तर बंद काचांची. रुमाल टाकणार कुठून? हळूहळू साध्या लाल बसमध्येही दोन-दोन आसने आली. पाठीला आराम मिळाला हे खरे, पण बसणारे कमी झाले. त्यात मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, म्हणून गर्दी वाढली. पूर्वी बाकावर सरकून बसणारा तिसरा प्रवासी आता दांडा धरून उभा असतो.