पहिला त्रिकोण

दूरचित्रवाणी संचाला जोडून मुले जिच्यावर खेळ खेळतात, त्या पेटीला कन्सोल म्हणतात. पेटी बनवणारा एक, आणि तिच्यावरचे बहुतेक खेळ रचणारे कारागीर दुसरेच, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. नवी पेटी तगणार की बुडणार, हे पुष्कळदा या कारागिरांच्या हाती असते. कसे, ते पाहू.

१९९४ साली जपानात अवघ्या अकरा दिवसांच्या अंतराने दोन पेट्या बाजारात आल्या. २२ नोव्हेंबरला सेगा कंपनीची सॅटर्न, ३ डिसेंबरला सोनीची प्लेस्टेशन. सेगा या धंद्यात मुरलेली, सोनी नवखी. सॅटर्नमध्ये मुख्य प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारे मेंदू, दोन होते. दोन म्हणजे दुप्पट काम, असे कुणालाही वाटेल. पण बरं का, दोघांची स्मृती एकच आणि तिकडे जाणारी वाटही एकच! हौदावर तोंड घालायला जागा एकाच बैलाची असेल, तर दुसऱ्याने उभेच राहायचे. कुणाला कधी पाणी पाजायचे, ही आखणी खेळ लिहिणाऱ्याच्या माथी आली. शिवाय ही पेटी चौकोन जोडून चित्र रचायची. इतर यंत्रांचा रिवाज त्रिकोणाचा. त्रिकोणच का, ते भूमितीच्या शिक्षकांना चटकन कळेल. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, चौथ्याची खात्री नाही. तिपाई डुगडुगत नाही ती याचमुळे.

सोनीने मुख्य प्रोसेसर एकच ठेवला. सी या परिचित भाषेतून वापरता येतील अशी तयार साधने दिली, साध्या संगणकात बसवायची कार्डे दिली. कारागीर तिकडे वळले. अमेरिकेत १९९५ साली सॅटर्न ३९९ डॉलरला आणि प्लेस्टेशन २९९ ला होती, हेही खरे. सगळे श्रेय सोपेपणाला देणे बरोबर नाही. प्लेस्टेशन दहा कोटींवर खपली, सॅटर्न एक कोटीही नाही. २००१ साली सेगाने पेट्या बनवणेच सोडले.

आता गंमत पाहा. सोनीची २००० सालची दुसरी पेटी चांगलीच अवघड होती, तरी ती पंधरा कोटींवर खपली. गिऱ्हाईक घरात आलेले असले, की कारागीर त्रास सोसतो. २००६ सालच्या तिसरीत मात्र त्याची सहनशक्ती संपत आली. पडद्यावर पहिला त्रिकोण उमटवायला किती दिवस लागतात, हे सोनीचे रचनाकार मार्क सर्नी यांनी पुढे सांगितले आहे: पहिल्या पेटीला एक ते दोन महिने, दुसरीला तीन ते सहा, तिसरीला सहा ते बारा!

मग चौथी पेटी आखण्याआधी सर्नी खेळ रचणाऱ्यांकडेच विचारायला गेले. त्यांचे मोठे मागणे एकच, स्मृतीचे तुकडे नकोत, ती सलग असू द्या. २०१३ सालच्या पेटीत ८ गिगाबाइटची सलग स्मृती आली, आणि पहिला त्रिकोण पुन्हा एक-दोन महिन्यांत उमटू लागला. २०२० सालच्या पाचवीला महिनाही लागत नाही.