गुन्ह्याच्या क्षणीचे मन

१९६८च्या पावसाळ्यात मुंबईच्या उपनगरांतील झोपडपट्ट्यांतून आणि पदपथांवरून रात्री निजणारी माणसे धास्तावलेली होती. अंधारात कोणीतरी येऊन झोपलेल्यांची डोकी जड वस्तूने ठेचत होते. २७ ऑगस्ट रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रमण राघव याला ओळखून पकडले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. ही कथा पुढे चित्रपटांपर्यंत पोचली. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावा असा तिचा भाग अटकेनंतर सुरू होतो. न्यायालयाने वैद्यकशास्त्राला या माणसाच्या मनाविषयी विचारणा केली, आणि तज्ज्ञांकडून परस्परविरुद्ध उत्तरे आली.

हे कसे घडले ते समजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करीत आहे, असा त्याचा भ्रम होता. तो मनोरुग्ण ठरून सुटला तेव्हा गदारोळ झाला, आणि न्यायाधीशांनी सरदारांच्या सभागृहापुढे दिलेल्या उत्तरांतून एक कसोटी तयार झाली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत तीच कसोटी कलम ८४ म्हणून आली. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, जाणण्यास जो असमर्थ असतो, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये हाच आशय कायम आहे.

या व्याख्येतील कळीचा शब्द ‘करतेवेळी’ हा आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. प्रणालीची आजची अवस्था मोजून तिची पूर्वीची अवस्था सांगायची, तर मधल्या काळात तिच्यात काय बदल झाले याचे ज्ञान हवे. मनोविकारतज्ज्ञ आरोपीला भेटतो तो घटनेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. तोवर कोठडी, भीती, औषधे आणि आजाराचे स्वतःचे चढउतार यांनी ते मन पालटलेले असते.

रमण राघवचा खटला जून १९६९ मध्ये सत्र न्यायालयात उभा राहिला. बचाव पक्षाने मनोविकलतेचा मुद्दा मांडताच त्याला मुंबईच्या पोलीस सर्जनच्या निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. सुमारे साडेतीन आठवड्यांनंतर अहवाल आला : आरोपीला मनोविकृती नाही, स्मृती शाबूत आहे, बुद्धी सर्वसाधारण आहे आणि आपल्या कृत्यांचे स्वरूप त्याला कळते. याउलट, नायर रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञाने आर्थर रोड तुरुंगात त्याची मुलाखत घेऊन साक्ष दिली की, त्याला दीर्घकाळापासून संशयभ्रमी छिन्नमनस्कता, म्हणजे पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, आहे. न्यायालयाने त्याला दोषी धरून फाशी सुनावली. त्याने अपील केले नाही.

फाशीला मान्यता देण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमण्याचा आदेश दिला. या मंडळाने त्याच्या पाच मुलाखती घेतल्या. त्याच्या लेखी दोन जगे होती : एक ‘कानून’चे, दुसरे आपल्या सर्वांचे. लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, पण आपण ‘कानून’चे प्रतिनिधी असल्याने ते त्यांना साधत नाही, अशी त्याची अढळ समजूत होती. शेवटच्या भेटीत तज्ज्ञांनी निरोपाचा हात पुढे केला. दुष्ट जगातील माणसांना आपण स्पर्श करीत नाही, असे सांगून त्याने तो नाकारला. मंडळाने त्याला मनोविकल ठरवले. अखेरीस त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला.

येथे तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले दिसतात. कृत्याच्या क्षणी त्याला जाण होती काय? खटल्यात स्वतःचा बचाव करण्याइतके त्याचे मन आज सक्षम आहे काय? आणि अशा आजारी माणसाला फाशी द्यावी काय? मंडळाच्या तपासणीने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, तिसऱ्यावर परिणाम केला. पहिल्या प्रश्नात मात्र दोषसिद्धी कायम राहिली. आजार असणे आणि कायद्याच्या कसोटीला उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर कशाने मिळते? सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठक्कर खटल्यात मार्ग दाखवला : घटनेच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची परिस्थिती पाहायची. २००२ मध्ये महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हा मार्ग कसा चालतो ते दिसले. त्याने १९९४ मध्ये पत्नीचा खून केला होता. त्याच्यावर १९९२ पासून छिन्नमनस्कतेचे उपचार सुरू होते, वडिलांनाही मनोविकार होता, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. खून दिवसाढवळ्या झाला. त्याने पळण्याचा वा लपण्याचा प्रयत्न केला नाही. या सर्व नोंदी एकत्र पाहून न्यायालयाने त्याला कलम ८४चा लाभ दिला. पदपथावर जगणाऱ्या रमण राघवकडे अशी एकही फाइल असण्याचा संभव नव्हता.

फाइलऐवजी यंत्राने भूतकाळ वाचण्याचा प्रयत्नही झाला. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीला पूरक पुराव्याचे स्थान दिले, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्या पद्धतीचे पुरेसे स्वतंत्र प्रमाणीकरण झाले नव्हते, हा वैज्ञानिकांचा मुख्य आक्षेप होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीविना करण्यास मनाई केली.

आम्हा भिलाईकरांना जवळचा असा ताजा निवाडा २०२५ मधील आहे. छत्तीसगडमधील एका खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाच्याच साक्षीदारांनी आरोपीच्या मनोविकाराविषयी सांगितले होते. मनोविकलतेविषयी वाजवी शंका निर्माण झाली तरी पुरेशी आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. येथे फाइलची जागा गावकऱ्यांच्या शब्दाने घेतली. पण प्रत्येक आरोपीला असे साक्षीदार लाभतीलच असे नाही.

‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडसह १२ राज्ये होती. उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण विविध विकारांत ७० ते ९२ टक्के आढळले. आपल्या राज्याचे मानसिक रुग्णालय बिलासपूरजवळ सेंद्री येथे आहे; बस्तरमधील खेड्यातून तेथे पोचणे म्हणजे केवढा प्रवास! ज्याला उपचार मिळाले नाहीत त्याच्याकडे कागद नाहीत, आणि कागद नाहीत त्याचा आजार न्यायालयात सिद्ध होणे अवघड. बहुसंख्य मनोरुग्ण कधीच हिंसा करीत नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण जे आरोपी होतात, त्यांच्या बाबतीत गरिबीचा भार दुहेरी पडतो. २०२१ मध्ये ‘प्रोजेक्ट ३९ ए’च्या अभ्यासात फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांपैकी ६२.२ टक्क्यांना किमान एक मनोविकार आढळला होता.

अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने आधीच बंधनकारक आहे. तीत प्रमाणित पद्धतीने मानसिक स्थितीची नोंद झाली, तर घटनेच्या सर्वांत जवळचे निरीक्षण न्यायालयाच्या हाती येईल. ती नोंद कशी असावी, कोणते प्रश्न विचारावेत, ढोंग कसे ओळखावे आणि छोट्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरला ते कसे शिकवावे, हे संशोधनाचे विषय आहेत. मानसशास्त्र, वैद्यक, विधी किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्यांत काम आहे.