दारूचा गुन्हा आणि सोमवारची आरती

व्यसनी माणसाला शिक्षा करावी कीं बरें करावें, हा प्रश्न आपण नव्या काळाचा समजतों. खानदेशाला मात्र तो जुनाच आहे.

मोहाचें फूल म्हणजे सातपुड्यांतील भिल्लांचें एका परीनें अन्नच. त्याचीच दारू ते घरोघर गाळीत. ती देवाला वाहिली जाई, लग्नकार्यांत लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून दारू गाळणें गुन्हा ठरलें. घरीं भट्टी लावणारा आरोपी झाला आणि पिठ्यावर जाऊन पिणारा मात्र सरकारी उत्पन्नाचा आधार! पिणें कमी करण्यापेक्षां वसुलीवरच त्या कायद्याची नजर अधिक होती, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

१९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें. पश्चिम खानदेशांतील तळोदें तालुक्यांत (हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत आहे) १९३० नंतरच्या दशकांत गुलाम महाराज या भिल्ल साधुपुरुषानें निराळा मार्ग धरला. दर सोमवारीं आरतीला लोक जमत. दारू सोडावी, नित्य स्नान करावें, एकमेकांस ‘आप’ म्हणावें, असा साधा उपदेश. ज्यांना सावकार आणि अंमलदार ‘अरे’ म्हणूनच हांक मारीत, त्यांनीं शेजाऱ्याला ‘आप’ म्हणावें, यांत केवढें मर्म आहे! व्यसन सोडणारा एकटा पडला कीं पुन्हा घसरतो. येथें त्याच्याबरोबर त्याचे सोयरे, त्याचा सारा पाडा सोडीत असे. आणि आठ दिवसांनीं पुन्हा सोमवार येई. आजचे उपचारक ज्याला पाठपुरावा म्हणतात, तो याहून फारसा वेगळा नाहीं.

१९३८ मध्यें महाराज निवर्तले. बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. दारूविक्रेत्यांचा रोष वाढला, आणि सरकारला या जमावांत शांतताभंगाची भीति दिसूं लागली. १९४१ मध्यें रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर घालविण्यांत आलें. दारू विकणाऱ्याजवळ मात्र सरकारी परवाना होता!

वस्तुतः इंग्रज सरकारला याच प्रांतानें पूर्वीं एक धडा दिला होता. फौजा पाठवूनहि भिल्लांचीं बंडें शमेनात, तेव्हां १८२५ मध्यें जेम्स औट्रामनें त्यांनाच पलटणींत भरती करून घेतलें. जळगांवकडील धरणगांव हें त्या पलटणीचें ठाणें झालें. त्यांत साम्राज्याची सोय होती, हें खरें. परंतु तुरुंगाहून तो उपाय अधिक चालला.

स्वतंत्र भारतांत १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें विनापरवाना पिणेंहि गुन्हा ठरविलें. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत मात्र पुढें ‘६४ अ’ हें कलम आलें. अल्प मालाच्या गुन्ह्यांत सांपडलेला व्यसनी स्वखुशीनें मान्य संस्थेंत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट टाकल्यास ही सूट काढून घेतां येते. तळोद्याकडील एखादा मनुष्य उपचार संपवून पाड्यावर परतल्यावर आठव्या दिवशीं त्याची विचारपूस कोणीं करावी, याविषयीं तें कलम कांहींच बोलत नाहीं.