चोक ओढल्यावर नेमकं काय व्हायचं?

थंडीच्या सकाळी गाडी चालू करायची कशी, यावर जुन्या गाडीवाल्यांचं कधी एकमत झालं नाही. फियाट चालवलेला माणूस सांगणार, ॲक्सिलरेटरला पाय लावू नको, चोक ओढ आणि स्टार्टर मार. मारुतीवर शिकलेला म्हणणार, आधी दोनदा ॲक्सिलरेटर दाब, मग चोक. ॲम्बेसेडरवाल्याच्या मते दाबून काही उपयोगच नाही. गंमत म्हणजे तिघंही बरोबर आहेत. भांडण लागलं ते ‘चोक’ या एका शब्दामुळे.

पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते. इंजिन तापलेलं असलं की साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरतं (वजनाने, आकारमानाने नव्हे). इंजिन गार असेल तर पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून बसतात, आणि सिलिंडरपर्यंत जळण्याजोगं फारसं पोचतच नाही. मग उपाय एकच: भरपूर पेट्रोल ओता, त्यातलं थोडं तरी वाफ होईल. मुंबईच्या उकाड्यात हे काही क्षणांचं काम. नाशिकच्या जानेवारीत मात्र बॅटरी उतरेपर्यंत चालणारं.

आता जादा पेट्रोल द्यायचं कसं? मारुती ८०० मध्ये कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक झडप होती. नॉब ओढला की ती मिटायची, हवा अडायची आणि इंजिनाची ओढ जेटमधून पेट्रोल खेचायची. म्हणजे खरोखरच गळा आवळणं, चोक या शब्दाला शोभेल असं. या कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो. पेडल दाबलं की पेट्रोलची एक चिळकांडी आत जाते, म्हणून आधी दोनदा दाबायचं.

ॲम्बेसेडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यावर बराच काळ इंग्लिश एसयू कार्ब्युरेटर असायचा. त्यात झडप नाही. नॉब ओढला की जेटची नळीच खाली सरकते, निमुळत्या सुईभोवतीची फट मोठी होते आणि पेट्रोल वाढतं. हवा कोणी अडवत नाही. पंपही नाही, त्यामुळे स्टार्टर मारण्याआधी पेडल कितीही दाबा, आत थेंबभरही जादा जात नाही.

फियाटवर, म्हणजे पुढे १९७४ पासून जिला पद्मिनी म्हणू लागले त्या गाडीवर, सोलेक्स असे. जुन्या सोलेक्सच्या बऱ्याच मॉडेलांत मोठ्या कार्ब्युरेटरच्या कुशीत एक छोटा, फक्त स्टार्टिंगपुरता कार्ब्युरेटर बसवलेला असतो. त्याला स्वतःचा जेट, स्वतःची हवेची वाट. नॉब ओढला की एक चकती फिरते आणि हा छोटा भाऊ कामाला लागतो. तो चालतो थ्रॉटलच्या खालच्या व्हॅक्युमवर. पेडल दाबलं की थ्रॉटल उघडतं, व्हॅक्युम पडतो आणि छोट्याची ओढच जाते. ‘पाय लावू नको’ यामागे अंधश्रद्धा नव्हती.

लायसन्स-परमिटच्या काळात आपल्या रस्त्यांवर मुख्यतः याच तीन गाड्या होत्या. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती आली आणि हजारो पाय एका कार्ब्युरेटरची सवय घेऊन दुसऱ्यावर बसले. आज हौसेने जुनी गाडी घेणाऱ्यांची अडचण हीच आहे. चोक बिघडला म्हटलं की एअर फिल्टर काढून झडप शोधायची, ती दिसली नाही की अख्खा कार्ब्युरेटर बदलायचा!

खरं तर आधी केबल बघावी. एकाने नॉब ओढावा, दुसऱ्याने बॉनेटखाली लिव्हर पूर्ण फिरतो का आणि, जास्त महत्त्वाचं, पूर्ण परत येतो का ते पाहावं. केबल गंजलेली, वाकलेली किंवा स्क्रूपाशी घसरलेली असते; निम्मे आजार तिथेच सुटावेत. लिव्हर नीट फिरूनही सोलेक्स गार असताना उठत नसेल तर छोट्याचा जेट कचऱ्याने तुंबला असण्याची शक्यता मोठी. एसयूमध्ये नळी खालीच अडकली तर गाडी चालू होते, पण काळा धूर सोडत राहते.

चालू न होणारा चोक निदान लगेच कळतो. अर्धवट उघडा राहिलेला गुपचूप खातो. प्लग काजळतात, ॲव्हरेज घसरतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली संपमध्ये उतरतं. रोजच्या कमाईतून पेट्रोल भरणाऱ्या टॅक्सीवाल्याला हे परवडणारं नव्हतं.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या पुढे सीएनजीवर गेल्या. गॅस मुळातच वायू, त्याची वाफ करायची गरज नाही. गॅसवर चालताना चोकला कामच उरलं नाही. नव्या गाड्यांत २००० च्या सुमारास फ्युएल इंजेक्शन आलं. तेव्हापासून इंजिनाचं तापमान एक सेन्सर मोजतो आणि जादा पेट्रोल किती, किती वेळ, हे कॉम्प्युटर ठरवतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.