पडीत म्हटलेला माळ

आमच्या आर्वीकडे कापसाच्या काळ्या जमिनीला जो मान मिळाला, तो माळाला कधीच मिळाला नाही. कापसाने गावाला जिनिंगचे कारखाने दिले, १९१७ साली पुलगावला जोडणारी लहान आगगाडी दिली. माळाने दिला तो नुसता चारा. पण त्याच चाऱ्यावर या तालुक्याची गवळाऊ गुरे पोसली; ती पांढरी, चपळ जनावरे घेऊन नंद गवळी पिढ्यान् पिढ्या फिरले. दप्तरात मात्र अशा जमिनीपुढे 'पडीत' असाच शेरा पडत आला. मला वाटते, माळढोक पक्ष्याची दैना या एका शेऱ्यापासून सुरू होते.

हा पक्षी चांगला मीटरभर उंच. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. त्याला झाड नको, झुडूपही फारसे नको. चहूकडे नजर पोचेल असा मोकळा माळ हवा, तेथे टोळ, सरडे, बोरे मिळावीत, एवढीच त्याची मागणी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते गुराच्या खुराखाली गेले की त्या खेपेची वीण बुडालीच!

सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचेच नाव सुचविले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावाचा उच्चार चुकला तर सभ्य माणसाची पंचाईत होईल, ही भीतीही त्यामागे होती म्हणतात! १९६९ मध्ये धर्मकुमारसिंहजींनी देशभरात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज केला. आज दीडशेसुद्धा उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सोलापूरजवळच्या नान्नजची हकीकत शिकण्याजोगी आहे. १९७२ साली, ऐन दुष्काळात, पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी तेथील माळढोक उजेडात आणले. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेतून काही माळ चराईला बंद झाले. हेतू माती आणि चारा राखण्याचा होता. परंतु गवत वाढले, टोळ वाढले, आणि पक्ष्याने तेथे वीण धरली. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, तेही थोडथोडके नव्हे, ८,४९६ चौरस किलोमीटरांचे! त्यात गावे आली, शेते आली, बाजाराच्या पेठासुद्धा आल्या. खरेदीविक्रीला अडचण पडू लागली, तसा शेतकऱ्याचा राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. एवढ्या अवाढव्य रेषेपेक्षा हजार एकर राखलेले गवत अधिक कामाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गंमत अशी की, वन म्हणजे झाडे या समजुतीने त्याच माळांवर ग्लिरिसिडिया लावला गेला. माळावर सावली करणे हे माळढोकाच्या दृष्टीने घर पाडण्यासारखेच.

विदर्भात वरोरा-भद्रावतीकडे अगदी अलीकडपर्यंत मोजके माळढोक दिसत. विजेच्या तारा हे आता नवे संकट. पक्षी जड, त्याला समोरचे नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयालाही या तारांकडे लक्ष द्यावे लागले.

तरीही आशेची जागा मला अकोला-वाशीमकडे दिसते. तेथे माळढोकाचा धाकटा भाईबंद तणमोर पावसाळ्यात येतो. माळाची खडान् खडा माहिती असलेले फासेपारधी १८७१ च्या कायद्यापासून गुन्हेगार ठरविले गेले होते. तो डाग १९५२ साली कागदावरून पुसला, मनांतून कितपत पुसला हे निराळे. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेबरोबर त्यांतलीच काही माणसे आता गवत राखतात आणि तणमोराची नोंद ठेवतात. ज्याच्या हाती फासा होता त्यालाच पाखराची वाट अचूक ठाऊक. आमच्या गवळ्यांनाही कोणती चराई कधी थांबवावी हे असेच ठाऊक आहे. त्यांना मात्र अजून कोणी विचारलेले मी पाहिले नाही.