जालना जिल्ह्यातील बेसॉल्ट व पेक्टेन शिंपल्यांचा प्राचीन इतिहास

प्रस्तावना : जालना जिल्ह्यातील विहिरींच्या काळ्या पाषाणात पांढरे, चकचकीत गोळे आढळतात. त्यांना शिंपल्याचे जीवाश्म समजण्याची चूक सहज होते. वस्तुतः ते लाव्हारसातील पोकळ्यांत साठलेले झिओलाइट वा कॅल्साइट असते.

विवेचन : पेक्टेन कुळातील शिंपले केवळ सागरी होत. त्यांपैकी नीथिआ हा गट क्रिटेशस काळात बहरला व त्याच्या अखेरीस नामशेष झाला. फुगीर उजवे कवच, सपाट डावे कवच व काही अधिक ठळक कंगोरे ही त्याची ओळख. नर्मदा खोऱ्यात बाघच्या चुनखडकांत त्याचे अवशेष मिळतात. प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये त्या खोऱ्याचे भूशास्त्र मांडले. १९७०च्या दशकात जी. डब्ल्यू. चिपळोणकर व आर. एम. बडवे यांनी तेथील शिंपल्यांचा अभ्यास पुढे नेला.

दख्खनचा लाव्हा मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रामुख्याने जमिनीवर पसरला. दोन उद्रेकांमधील तळ्यांत गोड्या पाण्यातील गोगलगायी राहत. त्यांपैकी फायसा प्रिन्सेपी हिचे नामकरण सॉवर्बी यांनी १८४० मध्ये केले.

निष्कर्ष : मग जालन्याच्या बेसॉल्टखाली सागरी थर असतील काय? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या विंधनविवरात ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा पातळ थर व त्याखाली ग्रॅनाइटवर्गीय प्राचीन खडक लागला. म्हणून बाघचा समुद्र येथवर होता, असे प्रत्यक्ष पुराव्याविना मानणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही.